सिरीयल पोर्ट : आधी इंटरप्ट येतच नव्हता, आता थांबत नाही

काटेवाला_नागपूर · सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

कळमन्याकडच्या एका धर्मकाट्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं. काट्याचा इंडिकेटर ९६०० बॉडवर सतत वजन पाठवत असतो. पीसी जुना इंडस्ट्रियल आहे, पीसी-१०४ बसचा (कार्डं जोडायची जुनी पद्धत). त्यात १६५५० जातीच्या चिपचं सिरीयल कार्ड आहे, आमच्याच ऑफिसात पूर्वी कुणीतरी बनवलेलं. बनवणारा सोडून गेला, सर्किटचा नकाशा तेवढा फाइलमध्ये आहे. लिनक्स चालतं त्यावर.

आता त्याच कार्डावर एक सेन्सर घ्यायचा आहे. ट्रक काट्यावर पूर्ण चढला की नाही ते सांगणारा इन्फ्रारेड सेन्सर, रिले आउटपुटवाला. वेगळं इनपुट कार्ड घ्यायला मालक तयार नाही, म्हणून रिले सिरीयल पोर्टच्या डीएसआर या कंट्रोल लाइनवर घ्यायचा विचार आहे. वजन आणि सेन्सर दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळता यावेत म्हणून छोटा ड्रायव्हर स्वतःच लिहायला घेतला.

अडलंय ते इथे. एलएसआर (चिपचं लाइन स्टेटस रजिस्टर) सतत वाचत बसलं, म्हणजे पोलिंग केलं, की वजन एकदम व्यवस्थित येतं. मग आयईआरमध्ये (इंटरप्ट चालू करणारं रजिस्टर) रिसीव्हचं बिट लावलं, इंटरप्ट, म्हणजे चिपने प्रोसेसरला दिलेली हाक, आली की चालणारा हँडलर नोंदवला. आयआयआर (इंटरप्टचं कारण सांगणारं रजिस्टर) वाचला तर तो ४ दाखवतो, म्हणजे चिपच्या मते डेटा आलाय आणि इंटरप्ट उभा आहे. पण हँडलर काही चालत नाही. लिनक्सच्या प्रॉकमधल्या इंटरप्ट्सच्या फाइलीत त्या आयआरक्यूसमोर (इंटरप्ट लाइनीच्या नंबरासमोर) शून्य. जंपर तपासला, बायोसमध्येही ती लाइन दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.

सेन्सर अजून जोडलेलाच नाही. कुठे बघू?

खटपट्या_खामला · सोमवार, रात्री ९:५२

एमसीआरमध्ये काय लिहून राहिला भाऊ?

काटेवाला_नागपूर · सोमवार, रात्री ९:५५

३. डीटीआर आणि आरटीएस वर. फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-चालू सांगणं) वापरायचंच नाही, म्हणून बाकी बिटं शून्य.

खटपट्या_खामला · सोमवार, रात्री ९:५६

११ लिहून पाहा. मग बोलू.

दूरसंचार_काका · सोमवार, रात्री १०:३०

खटपट्यांनी औषध दिलं, रोग मी सांगतो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

या चिपच्या मोडेम कंट्रोल रजिस्टरात, म्हणजे एमसीआरमध्ये, खालची चार बिटं चार पायांवर जातात : डीटीआर, आरटीएस, आऊट-१ आणि आऊट-२. पहिले दोन पाय कनेक्टरवर येतात, ते सगळ्यांना माहीत असतात. उरलेल्या दोन पायांबद्दल चिपच्या माहितीपत्रात एवढंच असतं की वापरणाऱ्याने हवे तसे वापरावेत. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी ज्यांनी ८२५० चिपचं सिरीयल कार्ड बनवलं त्यांनी आऊट-२ एका वेगळ्याच कामाला लावला. चिपचा इंटरप्टचा पाय सरळ बसवर न नेता मधे एक ट्राय-स्टेट बफर (बंद केला की लाइन मोकळी सोडणारा) टाकला आणि त्या बफरची चावी आऊट-२ च्या हाती दिली. त्या काळी एकाच आयआरक्यूवर दोन कार्डं बसायची, कॉम-१ आणि कॉम-३ दोघांनाही ४ नंबर. जे कार्ड वापरात नाही त्याने ती लाइन धरून ठेवू नये, म्हणून ही सोय. पुढे सगळ्यांनी तेच उचललं.

तुमच्या बाबतीत बेलचं बटण दाबलं जातंय, पण मेन स्विच बंद आहे. चिपला वाटतं इंटरप्ट दिला, म्हणून आयआयआर खरं सांगतो. बफर बंद असल्याने तो इंटरप्ट कंट्रोलरपर्यंत पोचतच नाही. ३ मध्ये आऊट-२ चे ८ मिळवले की ११.

लिनक्सचा मूळ ८२५० ड्रायव्हर पोर्ट उघडताना, आयआरक्यू दिलेला असेल तर, हे बिट स्वतःच लावतो. म्हणून तो वापरणाऱ्याला हे कधी कळतच नाही. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणारा मात्र हमखास इथे अडकतो. फोर-पोर्ट जातीच्या काही जुन्या कार्डांवर हीच चावी आऊट-१ कडे असायची, तेव्हा नकाशा एकदा बघूनच घ्या.

थर्डइयरचा_पोट्टा · सोमवार, रात्री ११:०५

काका, मग मी लॅबमध्ये लूपबॅक (चिपने पाठवलेलं आतल्या आत तिलाच परत येतं तो मोड) लावून टेस्ट करतो तेव्हा आऊट-२ लावूनही इंटरप्ट येत नाही, ते काऊन? आयआयआरमध्ये दिसतो.

रजिस्टरवाली · सोमवार, रात्री ११:२०

लूपबॅकच्या बिटाने फक्त टीएक्स (पाठवायची लाइन) आणि आरएक्स (घ्यायची लाइन) आतून जोडले जात नाहीत. चारही कंट्रोल आउटपुट आतल्या आत चार इनपुटांना जोडले जातात : आरटीएस सीटीएसला, डीटीआर डीएसआरला, आऊट-१ आरआयला, आऊट-२ डीसीडीला. आणि बाहेरचे पाय निष्क्रिय होतात. आऊट-२ चा पायही त्यात आलाच. म्हणजे बफर बंद. एमसीआरमध्ये बिट १ दिसत असलं तरी पायावर ते नसतं.

या जोडणीचा उपयोग लिनक्सचा ड्रायव्हर चिप ओळखायला करतो. लूपबॅकमध्ये आरटीएस आणि आऊट-२ वर करतो आणि एमएसआरच्या (मोडेम स्टेटस रजिस्टर, त्या चार इनपुटांची स्थिती सांगणारं) वरच्या चार बिटांत सीटीएस आणि डीसीडी तेवढेच आले का बघतो. हेक्समध्ये ९०. तेवढं आलं तर समोर खरी चिप आहे असं धरतो. टेस्ट लूपबॅकमध्येच करायची असेल तर पोलिंगने कर. इंटरप्टची टेस्ट करायची असेल तर कनेक्टरवर २ आणि ३ नंबरची पिन वायरने जोड आणि लूपबॅकचं बिट काढ.

काटेवाला_नागपूर · मंगळवार, दुपारी १:१५

११ ने काम झालं! नकाशावर बफर आहे, त्याच्या चावीच्या पायाला आऊट-२ लिहिलंय. खटपट्या भाऊ, काका, धन्यवाद.

पण आता नवीनच. सेन्सरची तयारी म्हणून आयईआरमध्ये मोडेम स्टेटसचं बिटही लावलं. म्हणजे रिसीव्ह १, लाइन स्टेटस ४, मोडेम स्टेटस ८, मिळून १३. पोर्ट सुरू होतो, वजन येतं, मग मधेच कधीतरी बहिरा होतो. कधी दहा मिनिटांत, कधी तासाने. इंटरप्टचा आकडा जिथे थांबला तिथेच. ड्रायव्हर काढून परत घातला की पुन्हा सुरू.

आणि हसू नका, पण कूलर चालू असला की लवकर बहिरा होतो. काट्याच्या केबिनमध्ये टेबलाच्या मागेच कूलर आहे. मे महिना आहे, तो बंद ठेवा असं मी तिथल्या माणसाला सांगू शकत नाही.

हँडलरमध्ये आयआयआर वाचतो, कारण बघतो, डेटा असेल तर एफआयएफओ (चिपमधली आलेल्या बाइटांची रांग) रिकामी करतो, मोडेम स्टेटस असेल तर एमएसआर वाचतो, बाहेर पडतो.

खटपट्या_खामला · मंगळवार, दुपारी १:३०

कूलरवर हसणारा नागपूरचा नाही.

रजिस्टरवाली · मंगळवार, दुपारी २:०५

"कारण बघतो, बाहेर पडतो" यातच सगळं आहे. आयआयआर एका वेळी एकच कारण सांगतो, सर्वांत वरच्या प्राधान्याचं. आधी लाइन स्टेटस (६), मग डेटा (४, किंवा एफआयएफओत बाइट पडून राहिले तर टाइमआउटचा १२), मग ट्रान्समिट रिकामं (२), आणि सगळ्यात शेवटी मोडेम स्टेटस (०). एफआयएफओ चालू असेल तर वरची दोन बिटंही १ असतात, तेव्हा खालची चारच बघायची. बिट ० वर १ दिसलं तरच "आता काही नाही" असा अर्थ.

आता समजा डेटा आणि मोडेम स्टेटस दोन्ही एकदम आले. तू डेटा उपसलास आणि बाहेर पडलास. मोडेम स्टेटस अजून उभाच आहे, म्हणून चिपने इंटरप्टची लाइन खाली घेतलीच नाही. पीसी-१०४ म्हणजे जुनी आयएसए बसच, तिथला इंटरप्ट एज-ट्रिगर्ड. कंट्रोलर लाइन खालून वर जाण्याची वाट बघतो. लाइन आधीच वर आहे, तर एज येणार कुठून? यापुढे त्या पोर्टचा एकही इंटरप्ट नाही.

बहिरा झाल्यावर आयआयआर वाचून बघ, ० दिसेल. म्हणजे मोडेम स्टेटस उभा आहे आणि कुणी त्याला विचारत नाही.

उपाय : हँडलरमध्ये फेरा. बिट ० वर १ येईपर्यंत आयआयआर वाचत राहायचं आणि प्रत्येक कारण निस्तरायचं. फेऱ्याला वरची मर्यादा ठेव, नाहीतर चिप बिघडली तर मशीनच अडकेल.

काटेवाला_नागपूर · मंगळवार, संध्याकाळी ७:४०

ताई, आयआयआर खरंच ० होता. फेरा टाकला, बहिरेपणा गेला.

पण गंमत बघा. वजनाची केबल काढून ठेवली, सेन्सर नाहीच, तरी इंटरप्टचा आकडा पळतोय. सेकंदाला शंभरच्या आसपास. काही जोडलेलंच नसताना शंभर कुठून येतात?

दूरसंचार_काका · मंगळवार, रात्री ८:१०

शंभर हा आकडा ओळखीचा वाटत नाही का? घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. एका आवर्तनात एकदा वर, एकदा खाली. ५० गुणिले २.

नकाशा बघा. सीटीएस, डीएसआर, डीसीडी, आरआय हे चार पाय कुठे जातात?

काटेवाला_नागपूर · मंगळवार, रात्री ८:३५

मॅक्स-२३२ (बाहेरच्या सिरीयल लाइनीचे व्होल्ट आणि चिपचे व्होल्ट जुळवणारी चिप) मधून फक्त टीएक्स आणि आरएक्स जातात. बाकीचे चार सरळ चिपपासून एका दहा पिनांच्या हेडरवर. त्यावर रिबन केबल आहे, हातभर लांब, दुसरं टोक मोकळं. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लोंबकळतेय. कूलरच्या बाजूने.

दूरसंचार_काका · मंगळवार, रात्री ९:००

म्हणजे अँटेना लावून ठेवली आहे.

चिपचे हे पाय सीमॉसचे. मोकळे सोडले तर त्यांना ना शून्य ना एक, जवळच्या वायरीतून जे येईल ते घेतात. लाइनची पातळी बदलली की एमएसआरमध्ये तिचं डेल्टा बिट लागतं, आणि आयईआरचं बिट ३ लागलेलं असेल तर इंटरप्ट. आधी मोडेम स्टेटस बंद होता, तेव्हाही लाइन अशीच नाचत असणार. फक्त तुम्हाला कळत नव्हतं.

खात्री करायची तर रिबनचं मोकळं टोक बोटाने धरा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. आकडा कसा पळतो बघा.

मॅक्स-२३२ मधून गेलेल्या लाइनीला हा त्रास सहसा होत नाही, कारण त्याच्या प्रत्येक रिसीव्हरला आत सुमारे ५ किलो-ओहमचा पुल-डाउन (लाइन खाली ओढून धरणारा रेझिस्टर) असतो. केबल काढली तरी आउटपुट एका जागी स्थिर राहतो. तुमच्या कार्डाच्या नकाशात ते चार पाय या सोयीच्या बाहेर राहिले.

काटेवाला_नागपूर · मंगळवार, रात्री ९:२५

बोट लावलं. आकडा शंभरावरून सरळ काही हजारांवर. बोट काढलं, परत शंभर. रिबन हेडरवरून उपटली तर सेकंदाला चारदोन.

मग असं करतो, सीटीएस, डीसीडी आणि आरआयचे इंटरप्ट बंद ठेवतो आणि फक्त डीएसआरचा चालू ठेवतो. ते कुठल्या रजिस्टरमध्ये?

रजिस्टरवाली · मंगळवार, रात्री ९:४०

कुठल्याच नाही. चार लाइनींना मिळून एकच बिट आहे. डीएसआरचा इंटरप्ट हवा तर सीटीएस, डीसीडी, आरआय सोबत येणारच. म्हणून सॉफ्टवेअरने हे सुटत नाही, वायरिंगच नीट करावं लागतं. वापरात नसलेले तिन्ही पाय बांधून टाक.

चिपच्या बाजूला या लाइनी उलट्या असतात, खाली म्हणजे सक्रिय. १० किलो-ओहमने ५ व्होल्टकडे ओढल्या की निष्क्रिय होऊन शांत बसतील. डीएसआरलाही पुल-अप लाव, रिलेचा संपर्क तिला ग्राउंडकडे ओढेल.

दूरसंचार_काका · मंगळवार, रात्री ९:५५

एक जोड. सेन्सर काट्याच्या टोकाला असणार, वायर लांब. ती वायर थेट चिपच्या पायावर आणू नका, मधे ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) टाका. जूनमध्ये कळमन्याच्या मोकळ्या यार्डात वीज कडाडली की चिपच काय, मदरबोर्डही जाईल. पीसी-८१७ हा ऑप्टोकपलर बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत कुठेही मिळतो, रेझिस्टरही तिथेच.

थर्डइयरचा_पोट्टा · मंगळवार, रात्री १०:१०

मोठ्या लोकांनो, एक विचारू का? एवढं कायले करता? यूएसबी-टू-सिरीयलचा डोंगल लावा, विषय संपला.

रजिस्टरवाली · मंगळवार, रात्री १०:४५

वजनासाठी चालेल. सेन्सरसाठी विचार करून.

यूएसबीत डोंगल स्वतःहून इंटरप्ट देत नाही, कॉम्प्युटर त्याला विचारतो. फुल-स्पीडवर १ मिलिसेकंदाच्या फ्रेमने, हाय-स्पीडवर १२५ मायक्रोसेकंदांनी. लाइन कधी बदलली ती वेळ त्या खाचेतच धरावी लागते. डोंगलमधल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपा प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला दोन स्टेटस बाइट पाठवतात, मोडेम लाइनींची स्थिती त्यातच. त्यांचा लेटन्सी टायमर (पॅकेट पाठवण्याआधी थांबायचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. यूएसबीच्या सीडीसी-एसीएम या प्रमाणित जातीचं उपकरण असेल तर त्याच्या सिरीयल-स्टेटच्या सूचनेत डीसीडी, डीएसआर, आरआय आहेत, सीटीएसचं बिटच नाही. सीटीएसवर काही बांधलं असेल तर ते दिसणारच नाही.

जीपीएसचा दर सेकंदाचा पल्स डीसीडीवर घेऊन घड्याळ जुळवणारे लोक म्हणूनच खरा सिरीयल पोर्ट शोधत फिरतात. लिनक्समध्ये त्यासाठी वेगळं लाइन-डिसिप्लिन आहे, डीसीडीचा इंटरप्ट आला की लगेच वेळ नोंदवतं. ट्रक चढायला पाच-दहा सेकंद लागतात, तेव्हा काटेवाल्याला मिलिसेकंदाचं काही नाही. पण "विषय संपला" असं नसतं.

थर्डइयरचा_पोट्टा · मंगळवार, रात्री १०:५०

हाव ताई, समजलं.

बुटीबोरी_शिफ्ट · बुधवार, सकाळी ७:२०

रात्रपाळी संपवून वाचतोय. माझा अनुभव : सिरीयलवर डेटा हरवत असेल तर आरटीएस-सीटीएसचं फ्लो कंट्रोल चालू करा. इंटरप्टला उशीर झाला तरी समोरचा थांबतो.

आमच्याकडे आरएस-४८५ (एकाच तारांवर आळीपाळीने बोलायची पद्धत) वर आरटीएसनेच ट्रान्समीटर चालू-बंद होतो, त्यात शेवटचा बाइट कापला जातो. त्याबद्दलही कुणी सांगा.

रजिस्टरवाली · बुधवार, सकाळी ९:१०

पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे.

साध्या १६५५० वर आरटीएस चिप हलवत नाही, ड्रायव्हर हलवतो. लिनक्समध्ये तो खाली कधी जातो? टीटीवायचा (ड्रायव्हरच्या वरचा लिनक्सचा टर्मिनलचा थर) बफर भरत आला की वरून थ्रॉटलचा, म्हणजे थांबवण्याचा, हुकूम येतो तेव्हा. बफर भरतो कशाने? इंटरप्ट हँडलरने बाइट उपसून आत टाकले म्हणून. म्हणजे इंटरप्टला उशीर झाला तर बफर रिकामाच राहतो, थ्रॉटल येत नाही, आरटीएस वरच राहतो, समोरचा पाठवत राहतो, आणि चिपमधली १६ बाइटची एफआयएफओ वाहून जाते. प्रोग्रॅम हळू वाचत असेल तर आरटीएस वाचवतो. इंटरप्ट हळू असेल तर नाही.

हिशोब करा. ११५२०० बॉडला एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येतो. ट्रिगर, म्हणजे किती बाइट साचले की इंटरप्ट द्यायचा तो आकडा, ८ वर असेल (लिनक्स १६५५०ए ला तोच ठेवतो) तर आठ जागा उरतात, म्हणजे साधारण ०.७ मिलिसेकंद. ट्रिगर १४ वर नेला तर दोनच जागा, १७५ मायक्रोसेकंदांच्या आत हँडलर चालायला हवा. जुन्या ८२५० ला तर एफआयएफओच नव्हती. ९६०० वर हेच आठ बाइट ८ मिलिसेकंद पुरतात, म्हणून काटेवाल्याला काळजी नाही.

यावरचा खरा इलाज चिपमध्येच असतो. १६सी५५०सी आणि १६७५० मध्ये एमसीआरचं बिट ५ ऑटो फ्लो कंट्रोल चालू करतं. मग एफआयएफओ ट्रिगरपर्यंत भरली की आरटीएस चिपच खाली घेते, ड्रायव्हर झोपला असला तरी. आणि या मोडमध्ये सीटीएस बदलल्याचा इंटरप्टही येत नाही, कारण ट्रान्समीटर थांबवणं-चालवणं चिप स्वतः करते. सीटीएसचे डेल्टा मोजणारा कोड लिहिला असेल तर तो तिथे मुका होतो.

साध्या चिपवर उलट आहे : सीटीएस खाली गेला की ड्रायव्हर ट्रान्समिटचा इंटरप्ट बंद करतो, वर आला की परत लावतो. तिथे पाठवण्याचं सगळं काम त्या एका मोडेम स्टेटस इंटरप्टवर लटकलेलं असतं. फ्लो कंट्रोल चालू आणि केबलमध्ये सीटीएसची वायरच नाही, तर एकही बाइट जात नाही आणि पोर्ट बंद करताना प्रोग्रॅम अर्धा मिनिट अडकतो. लिनक्सचा मुळातला थांबण्याचा वेळ ३० सेकंदांचा आहे.

खटपट्या_खामला · बुधवार, सकाळी ९:३०

बुटीबोरी भाऊ, शेवटचा बाइट कापला जातो त्याचं कारण सोपं आहे. ट्रान्समिटचा इंटरप्ट होल्डिंग रजिस्टर रिकामं झालं की येतो. शिफ्ट रजिस्टरमधला बाइट तेव्हा वायरवर जाऊनच राहिला असतो. ९६०० ला तो १ मिलिसेकंद खातो. तुम्ही इंटरप्ट आला की आरटीएस पाडता, बाइट अर्ध्यात मेला. एलएसआरचं बिट ६ लागेपर्यंत थांबा. त्याचा वेगळा इंटरप्ट या चिपमध्ये नाही, टायमर लावून विचारावं लागतं.

संपादक · बुधवार, सकाळी १०:००

आरएस-४८५ साठी कृपया वेगळा धागा काढावा, विषय मोठा आहे.

दूरसंचार_काका · बुधवार, सकाळी १०:४०

काटेवाले, मला पहिल्या दिवसापासून एक प्रश्न आहे. स्वतःचा ड्रायव्हर हवाच कशाला? मूळ ८२५० ड्रायव्हरला सेटसिरीयल या कमांडने पत्ता आणि आयआरक्यू सांगा. वजन एका थ्रेडमध्ये वाचा. दुसऱ्या थ्रेडमध्ये टीआयओसीएमआयवेट या आयओसीटीएलवर (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला थेट द्यायचा हुकूम) डीएसआरसाठी थांबून राहा. लाइन बदलली की तो जागा होतो. किती वेळा बदलली ते टीआयओसीजीआयकाउंट सांगतो. आऊट-२, फेरा, सगळं तिथे आधीच आहे.

काटेवाला_नागपूर · बुधवार, दुपारी १२:२०

काका, हे माहीत नव्हतं. पण मी कुठेतरी वाचलं की सीलोकल (मोडेम लाइनींकडे दुर्लक्ष कर सांगणारं पोर्टचं सेटिंग) लावला की मूळ ड्रायव्हर मोडेम स्टेटसचा इंटरप्ट बंदच ठेवतो. आणि सीलोकल काढला तर पोर्ट उघडतच नाही, अडकून बसतो.

रजिस्टरवाली · बुधवार, दुपारी १:००

दोन्ही बरोबर. सीलोकल नसेल तर ओपन करताना ड्रायव्हर डीसीडी वर येण्याची वाट बघतो, आणि चालू असताना डीसीडी पडला की प्रोसेसला हँगअपचा सिग्नल जातो. तुझ्या लोंबकळत्या रिबनवर ते केलं असतंस तर कूलरने प्रोग्रॅमच मारला असता. त्यामुळे सीलोकल लावूनच ठेव.

सीलोकल लावलेला आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद, अशा स्थितीत ड्रायव्हर आयईआरचं बिट ३ काढून ठेवतो हे खरं. पण टीआयओसीएमआयवेट बोलावलं की तो ते बिट स्वतः लावतो. खाच एवढीच की नंतर कुणी बॉड रेट किंवा इतर सेटिंग बदललं तर ते परत काढलं जातं आणि वाट बघणारा थ्रेड बघतच राहतो. तेव्हा सगळी सेटिंगं आधी, वाट बघणं नंतर. आणि मधे दुसऱ्या टर्मिनलवरून त्या पोर्टवर एसटीटीवाय (पोर्टची सेटिंगं बदलणारी कमांड) चालवायचं नाही.

स्वतःचाच ड्रायव्हर ठेवणार असशील तर एमएसआरबद्दल दोन गोष्टी. तो वाचला की डेल्टा बिटं पुसली जातात. हँडलरशिवाय दुसरीकडे कुठे, लाइनची स्थिती विचारणाऱ्या आयओसीटीएलमध्ये वगैरे, एमएसआर वाचत असशील तर तिथले डेल्टा जपून ठेव, नाहीतर ट्रक चढल्याची खबर तिथेच गिळली जाईल. दुसरं, रिलेचा संपर्क उडतो. कधी डेल्टा १ आणि पातळी मात्र आधीचीच, असं मिळेल. म्हणजे तू वाचेपर्यंत लाइन जाऊन परत आली. त्याला ट्रक मोजू नको, ५० मिलिसेकंदांनी पुन्हा पातळी बघून ठरव.

पुढेमागे दुसरा सेन्सर आरआयवर घ्यायचा मोह झाला तर तिथे फक्त एकाच काठाचा इंटरप्ट मिळतो, सक्रियवरून निष्क्रियवर जातानाचा. बाकी तीन लाइनींना दोन्हीकडचा.

काटेवाला_नागपूर · शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

बर्डीवरून सामान आणलं, हेडरवरच चार पुल-अप टाकले, डीएसआरला ऑप्टोकपलर. मूळ ड्रायव्हरवर आलो, काका म्हणाले तसं. केबल काढून आकडा बघितला, एका जागी उभा. कूलर फुल, तरी उभा. केबल आणि सेन्सर जोडून आज दिवसभर ट्रक चढले-उतरले, नोंदी बरोबर आहेत.

शेवटचा प्रश्न. मालक म्हणतो पुढच्या काट्यावर नवीन पीसी, पीसीआयचं (आयएसएनंतरची बस) सिरीयल कार्ड. तिथे एक जुनी मशीन आहे, तिचा ड्रायव्हर आमच्याच त्या गेलेल्या माणसाचा, मूळ ड्रायव्हरवर नेणं सध्या शक्य नाही. हँडलर पहिल्यासारखाच आहे, एक कारण निस्तरतो आणि निघतो, मोडेम स्टेटसकडे बघतच नाही. बिट ३ मात्र लावलेलं. आयएसएवर वर्षानुवर्षं चाललंय. तो ड्रायव्हर पीसीआयवर तसाच चालेल का?

दूरसंचार_काका · शुक्रवार, रात्री ८:००

तिथे लाइनी बांधलेल्या असतील आणि कुणी हलवत नसेल, म्हणून चाललं. पीसीआयवर चित्र उलटं होईल. तिथला इंटरप्ट लेव्हल-ट्रिगर्ड. एक कारण निस्तरून निघालात तर लाइन अजून लागलेलीच, हँडलर लगेच परत चालतो, दुसरं कारण निस्तरतो. त्यामुळे फेरा नसला तरी भागतं. पण एमएसआर कुणीच वाचत नसेल तर एकदा एखादी लाइन हलली की इंटरप्ट कायमचा उभा. हँडलर संपला की परत हँडलर. मशीन गोठल्यासारखी होईल.

त्यात पीसीआयची लाइन बहुधा सामाईक असते. हँडलर प्रामाणिकपणे "माझा नाही" म्हणत असेल तर लिनक्स १ लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० च्या वर बेवारस निघाले की ती आयआरक्यूच बंद करतो, आणि त्याच लाइनीवरचं नेटवर्क कार्डही सोबत जातं. हँडलर डोळे मिटून "माझाच" म्हणत असेल तर कर्नेलला संशयही येत नाही, वादळ चालूच राहतं. त्या जुन्या कोडात काय परत केलंय ते आधी बघा.

आणि बऱ्याच पीसीआय कार्डांवर आऊट-२ चा बफर नसतो. आयईआर लावला की इंटरप्ट बाहेर. आयएसएवर आऊट-२ शेवटी लावून जे संरक्षण मिळायचं ते इथे नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आयईआर शून्य करा, हँडलर नोंदवा, मग एलएसआर, डेटा, आयआयआर आणि एमएसआर एकेकदा वाचून आधीचं साचलेलं पुसा, आणि त्यानंतरच आयईआर लावा. त्या काट्यावर कंट्रोल लाइनींचं काही कामच नसेल तर बिट ३ लावूच नका, १३ ऐवजी ५ लिहा.

काटेवाला_नागपूर · शुक्रवार, रात्री ८:२०

कोड उघडून बसलोय. सगळीकडे "माझाच" परत केलंय. ५ लिहितो आणि आयआयआरचं बिट ० तपासून "माझा नाही" म्हणायची सोय टाकतो. कार्ड सोमवारी येतंय.